ज्येष्ठ वाचकांसाठी वाचनालयात कलावर्ग सुरू करायचा आहे; मार्गदर्शन हवे

प्रश्न : ग्रंथपाल, पूर्व भाग, सोलापूर

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातील एका लहान सार्वजनिक वाचनालयात मी गेली अकरा वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करीत आहे. सकाळी आठला दार उघडण्यापूर्वीच आमच्या पायरीवर पाच-सहा मंडळी येऊन बसलेली असतात. बहुतेकांनी साठी ओलांडलेली आहे. कोणी लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते, कोणी आयुष्यभर यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल विणले. साडेनऊपर्यंत सगळी वर्तमानपत्रे हातांतून फिरून होतात आणि त्यानंतरही ही माणसे तशीच बसून राहतात. दोन खोल्यांच्या घरात दिवसा त्यांना बसायला जागा नसते, हे त्यांच्यापैकी एकानेच मला सांगितले आहे.

गेल्या महिन्यात यांतल्याच एका आजोबांना मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बॉलपेनने काहीतरी काढताना पाहिले. वाचनालयाचा अंक खराब होतो आहे असे वाटून मी जवळ गेलो, तर त्यांनी चादरीच्या काठावरचा मोर काढलेला होता; पिसाऱ्याची प्रत्येक रेघ पायऱ्या-पायऱ्यांची होती, जशी ती विणीत दिसते. मला पाहताच त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं विणला हो, काढला कधीच नाही." त्या दिवसापासून आपल्या वाचनालयात या लोकांसाठी काही कलावर्ग घ्यावा, असे माझ्या मनात सारखे येत आहे.

अडचणी अनेक आहेत. वर्ग कोणत्या कलेचा घ्यावा, शिकवायला कोणाला बोलवावे आणि तो किती दिवस चालवावा, हे मला ठरवता येत नाही. आमच्याकडे येणारे जवळजवळ सर्व ज्येष्ठ पुरुष आहेत. त्याच गल्ल्यांतील त्यांच्या वयाच्या बायका वाचनालयाची पायरी चढत नाहीत आणि त्यांना वगळून काही सुरू करणे मला योग्य वाटत नाही. भाषेचाही प्रश्न आहे, कारण अनेकांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड किंवा उर्दू, आणि मला मराठीखेरीज जेमतेम कामापुरती तेलुगू येते. शिवाय आमच्या कार्यकारी मंडळातील काही सदस्यांचे म्हणणे असे, की हे काम ज्येष्ठ नागरिक संघाचे आहे, वाचनालयाने पुस्तकांपुरते पाहावे. त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यावे असे वाटते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त चित्रकला शिक्षक

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. मी शाळेत बत्तीस वर्षे चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर शहरातच ज्येष्ठांसाठी दोनदा वर्ग घेतले. पहिला फसला, दुसरा जमला. दोन्हींबद्दल लिहितो, कारण फसलेल्या वर्गातून मी अधिक शिकलो.

पहिल्या वेळी एका संस्थेने दोन तासांची कार्यशाळा ठरवली होती. छापील रेखाचित्रे आणि मेणाचे खडू वाटले गेले. फुलपाखरू, झोपडी, दोन डोंगरांमधला सूर्य. शेवटी प्रमाणपत्रे, गुलाबाचे फूल, अल्पोपाहार आणि फोटो. माझ्यासमोर बसलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी आपले फुलपाखरू अर्धे रंगवून कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि चहाची वाट न पाहता ते निघून गेले. आयोजकांना कार्यक्रम यशस्वी वाटला. मला मात्र त्या माणसाचा अपमान झाल्यासारखे वाटले आणि त्यात माझा वाटा होता, कारण ते कागद पाहूनही मी काही बोललो नव्हतो. बालवाडीतले काम मोठ्या माणसाच्या हाती देऊ नये, एवढी एक गोष्ट आपण पाळलीत तरी पुष्कळ होईल.

दुसऱ्या वेळी मी अट घातली, की वर्ग सलग आठ शनिवार चालेल, दर वेळी दीड तास, पंधरापेक्षा जास्त माणसे नकोत आणि प्रत्येक शनिवारचे काम मागच्या शनिवारवर उभे राहील. पहिल्या दिवशी प्रत्येकाला घरातली एक वापरातली वस्तू आणायला सांगितली. अडकित्ता आला, पितळी तांब्या आला, विरलेली चादर आली. पहिले दोन शनिवार फक्त कोळसा आणि जाड पेन्सिल. रेघ, छाया, वजन. तिसऱ्या शनिवारी रंग काढले, तेव्हा यंत्रमागावर काम केलेल्या एका काकांनी हात वर करून विचारले, "सर, यात किती रंग वापरायची परवानगी आहे?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. चादरीचे नक्षीकाम कार्डांवर पाडलेल्या छिद्रांवरून ठरते. कुठला धागा वर उचलायचा हे जॅकार्ड, म्हणजे मागावरचे नक्षीचे यंत्र, सांगते, रंग मालक आणि डिझाइन करणारा ठरवतो आणि विणणाऱ्याने धागा तुटू न देता माग चालता ठेवायचा. ज्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या काठाचा रंग हा हिरवा असावा की जांभळा, हे विणणाऱ्याला आयुष्यात कोणी विचारले नव्हते. मी त्यांना म्हटले, "काका, परवानगी आपलीच." त्यावर ते बराच वेळ काहीच न करता कोऱ्या कागदाकडे पाहत बसले. त्या दिवशी त्यांनी एकच रंग लावला, मातकट लाल, आणि पुढच्या शनिवारी सर्वांच्या आधी येऊन बसले.

आता व्यवहाराच्या गोष्टी. खुर्चीला हात हवेत, म्हणजे उठताना आधार मिळतो. कागद टेबलाला चिकटपट्टीने चिकटवावा, कारण कापऱ्या हाताखाली तो सरकतो आणि माणूस उगीच खजील होतो. ब्रशच्या दांड्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करावा. सांधे दुखणाऱ्या बोटांना बारीक दांडी धरवत नाही. उजेड खिडकीचा आणि बाजूने यावा. जवळचा चष्मा घरी विसरणारे दोन-तीन जण दर वेळी असतात, तेव्हा वेगवेगळ्या नंबरांचे चार चष्मे वाचनालयातच ठेवावेत. आणि शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःचा हात चालवू नये. काही दाखवायचे असेल तर वेगळ्या कागदावर दाखवावे. तसेच प्रत्येकाला सरसकट "छान, छान" म्हणणेही टाळावे. या लोकांनी उभ्या आयुष्यात माल तपासून घेतला आणि दिला आहे. खरे सांगितलेले आणि नुसते बरे वाटावे म्हणून बोललेले यांतला फरक त्यांना लगेच कळतो.

शेवटच्या शनिवारी वाचनकक्षात दोऱ्या बांधून चित्रे लावली आणि घरच्यांना बोलावले. प्रत्येक जण आपापल्या चित्राशेजारी उभा होता. मातकट लाल रंगवाल्या काकांची नात त्यांना "आजोबा, हे तुम्ही काढलं?" असे तीनदा विचारत होती आणि ते तिन्ही वेळा न हसता "हो" म्हणाले.

उत्तर २ : ग्रंथालयशास्त्राचे अध्यापक

आपल्या कार्यकारी मंडळाच्या शंकेबद्दल आधी लिहितो. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे प्रत्येक ग्रंथपालाला पाठ असते. पण ते फक्त कपाटे वाढण्याबद्दल आहे असे मानण्याचे कारण नाही. इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांचा सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा जाहीरनामा, जो १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये नव्याने मांडला गेला, त्यात व्यक्तीच्या सर्जनशील विकासाला संधी देणे हे ग्रंथालयाच्या कामांत स्पष्टपणे मोजले आहे आणि वयाच्या आधारे कोणालाही सेवेपासून दूर ठेवू नये असेही म्हटले आहे. मंडळापुढे हा जाहीरनामा वाचून दाखवावा. जगभरची ग्रंथालये ज्या तत्त्वावर चालतात तेच आपण करू पाहत आहोत, हे त्यांना दिसले तर विरोध मावळण्याचा संभव आहे.

असे वर्ग ग्रंथालयांत पद्धतशीरपणे चालवण्याचा अनुभव अमेरिकेत मोठा आहे. न्यूयॉर्क राज्यातील 'लाइफटाइम आर्ट्स' ही ना-नफा संस्था २००८ साली स्थापन झाली आणि तिने सार्वजनिक ग्रंथालयांच्या साहाय्याने पंचावन्न वर्षांपुढील लोकांसाठी कलावर्गांचा एक साचा तयार केला. शिकवणारा व्यावसायिक कलावंत असावा, सत्रे एकमेकांना जोडलेली असावीत, प्रत्येक सत्रात आपापसांत बोलण्याला मुद्दाम जागा ठेवलेली असावी आणि शेवटी केलेले काम लोकांसमोर यावे, ही त्याची मुख्य अंगे. वरच्या सरांनी अनुभवातून नेमके हेच शोधून काढले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आरोग्याच्या बाजूनेही एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. जीन कोहेन यांनी २००१ पासून वॉशिंग्टन, ब्रुकलिन आणि सॅन फ्रान्सिस्को येथे पासष्ट वर्षांपुढील लोकांच्या कलावर्गांचा अभ्यास केला. वॉशिंग्टनमध्ये तो वर्ग समूहगायनाचा होता. व्यावसायिक संचालकाच्या हाताखाली तीस आठवडे सराव आणि जाहीर कार्यक्रम. तिथल्या १६६ जणांच्या नोंदींवर आधारलेले निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वर्षभरानंतर गाणाऱ्या गटात डॉक्टरांकडे जाणे, औषधांचा वापर आणि पडण्याचे प्रसंग हे तुलनेसाठी घेतलेल्या, वर्गात नसलेल्या गटापेक्षा कमी होते. मात्र हे मंडळाला सांगताना दोन गोष्टी झाकून ठेवू नयेत. माणसांची विभागणी खऱ्या अर्थाने चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि सहभागी झालेले लोक मुळात हिंडते-फिरते, बऱ्या प्रकृतीचे होते. त्यामुळे "चित्र काढा आणि गोळ्या बंद करा" अशी जाहिरात कृपया कोणी करू नये. वर्ग चांगला आहे म्हणून घ्यावा; औषध म्हणून तो खपवावा लागू नये.

पैशांबद्दल थोडक्यात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयाला अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे मिळणारे अनुदान पगार, ग्रंथखरेदी आणि नेहमीच्या खर्चातच संपते, हे आपण जाणताच. कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची ग्रंथालयांतील ज्येष्ठ नागरिक विभागासाठी साहाय्याची योजना आहे. तिचे नियम जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून समजून घ्यावेत. आठ सत्रांचा साहित्याचा खर्च मात्र स्थानिक देणगीतून सहज भागेल. कलावंताचे मानधन त्यातूनच काढावे आणि ते अवश्य द्यावे. फुकट शिकवणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात अडचण आली की येत नाही आणि तेव्हा त्याला काही म्हणता येत नाही.

उत्तर ३ : कुंभारीहून

बायका का येत नाहीत, असे आपण विचारले आहे, म्हणून लिहिते. माझी आई विडी कामगार होती. आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. विडी कामगार महिलांसाठी तिथे दहा हजार घरे झाली, त्यांतले एक आमचे. आईला अक्षरओळख नाही. वाचनालय म्हणजे शिकलेल्यांची जागा, असे ती समजते आणि तिच्या वयाच्या सगळ्याच जणी तसे समजतात. आपण फलकावर "सर्वांचे स्वागत आहे" असे लिहिलेत तरी तो फलक तिला वाचता येणार नाही. तिला कोणीतरी घरी येऊन, तिच्या भाषेत, नाव घेऊन बोलवावे लागेल.

दुसरी गोष्ट वेळेची. आपली वाचक मंडळी सकाळी येतात, पण बायकांची सकाळ पाणी, स्वयंपाक आणि नातवंडांची शाळा यांत जाते. ज्या अजून विड्या वळतात त्यांना माल देऊन यायचा असतो. दुपारी दोन ते चार ही वेळ त्यांना मोकळी सापडते. परंतु सोलापूरचा उन्हाळा आपण जाणता. एप्रिल-मेमध्ये दुपारी म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर बोलवणे बरोबर नाही. म्हणून सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपली, की जानेवारीच्या अखेरीस सुरुवात करून मार्चमध्ये संपवावे. जत्रेच्या आठवड्यात कोणीही येणार नाही, हे आधीच धरून चालावे.

वाकळ शिवण्याचा वर्ग ठेवला तर बायका येतील, हे मी खात्रीने सांगते. शहरात गणवेश शिवण्याचे एवढे कारखाने आहेत, त्यांच्याकडे कापडाचे तुकडे पोत्याने निघतात. विचारले तर देतात. चार जणी एका वाकळेभोवती बसल्या, की आपोआप बोलू लागतात, गाऊ लागतात. आई तेलुगूत जी गाणी म्हणते ती आम्हा भावंडांपैकी कोणालाही पूर्ण येत नाहीत. वर्गात कोणी ती लिहून घेतली, तर ती वही आपल्या वाचनालयातच राहील.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. बायकांना शिवण आणि पुरुषांना रंग, अशी वाटणी करू नका. मीही तसेच समजत होते. मागच्या दिवाळीत माझी मुलगी पणत्या रंगवत होती, तेव्हा आई तिच्याजवळ जाऊन बसली आणि थोड्या वेळाने तिने ब्रश मागितला. विडी वळून वळून तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट कायमचे थोडे आत वळलेले आहे. पान फर्म्यावर कापायचे, ओले ठेवायचे, तंबाखू भरायची, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा, हे त्या दोन बोटांनी दिवसाला हजार वेळा केले आहे. ब्रश तिने विडीसारखाच धरला. पणतीच्या कडेने तिने इतके बारीक, इतके सारखे ठिपके दिले, की मुलीने स्वतःची पणती बाजूला ठेवली. आईने त्याआधी आयुष्यात ब्रश हातात घेतलेला नव्हता. त्या दिवशी तिने अकरा पणत्या रंगवल्या आणि रात्री "रंग उरलाय का?" असे विचारले.

उत्तर ४ : एका वाचनालयाचे कार्यवाह

कल्पना उत्तम आहे, फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आमच्याकडे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी साठ-सत्तर मुले रोज बसतात. खेड्यांतून आलेली, भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणारी. शांतता मिळते म्हणूनच ती येतात. आम्ही एकदा भजनाचा वर्ग वाचनकक्षात ठेवला आणि आठवड्याभरात मुलांची तक्रार आली, जी रास्त होती. त्यानंतर वर्ग तळमजल्यावरच्या बालविभागात हलवला. दुपारी मुले शाळेत असल्यामुळे ती खोली रिकामीच असते आणि ज्येष्ठांना जिनाही चढावा लागत नाही. तिथली बुटकी बाके तेवढी बदलून घ्यावी लागली. आपल्याकडे अशी जागा आहे का, हे आधी पाहावे.

ग्रंथपाल, पूर्व भाग

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल कार्यकारी मंडळाची बैठक झाली. जाहीरनाम्यातील तो भाग मी वाचून दाखवला आणि कोहेन यांच्या अभ्यासाच्या मर्यादाही सांगितल्या. मंडळाने आठ आठवड्यांच्या एका वर्गाला मान्यता दिली आहे. साहित्याचा खर्च दोन सदस्यांनी उचलला आणि शिकवणाऱ्यांना प्रत्येक सत्राचे मानधन द्यायचे ठरले. बालविभाग आमच्याकडेही तळमजल्यावर आहे. वेळ दुपारी दोन ते साडेतीन, सुरुवात जत्रेनंतरच्या शनिवारी.

कला एकच ठेवायची नाही, असे मी कुंभारीच्या ताईंचे पत्र वाचल्यावर ठरवले. पहिले चार शनिवार सर्वांनी रेघ आणि रंग, पुढचे चार शनिवार कापडाचे तुकडे, दोरा आणि सुई; पुरुषांनीही. प्रत्येक सत्राच्या वेळी विणकाम, नक्षी आणि चित्रकलेची आमच्याकडची पुस्तके टेबलावर उघडून ठेवीन. ती वाचता आली नाहीत तरी पाहता येतील.

काल संध्याकाळी आमच्या शिपाईमावशींबरोबर मी मागच्या दोन गल्ल्यांत घरोघरी जाऊन आलो. मावशी तेलुगूत बोलल्या, मी वहीत नावे लिहिली. सहा बायकांनी येते म्हणून सांगितले, त्यांतल्या एकीने ब्रश आपला आपण आणावा लागेल का, असे विचारले. मोर काढणाऱ्या आजोबांना आज सकाळी पायरीवरच सांगितले. ते म्हणाले, की कागद जरा मोठा मिळाला तर बरे होईल, पिसारा वर्तमानपत्राच्या कडेवर मावत नाही. सर, पूर्ण आकाराचा जाड कागद सोलापुरात कुठल्या दुकानात चांगला मिळतो, तेवढे कळवावे.